अण्णांच्या गाडीचा ब्रेक कोणी तोडला?

मारोतीअण्णांना कोणी 'राम राम' घातला, की ते दोन पावलं पुढे जाऊन थांबतात, वळतात आणि विचारतात, "काहून?"

नवखा माणूस गडबडतो. मीही गडबडलो होतो. डोंगरकड्याच्या शाळेवर बदली होऊन आलो, त्यांच्या समोरचं घर भाड्याने घेतलं आणि पहिल्याच सकाळी हात जोडले. आता राम रामाला कारण काय सांगणार? म्हणालो, "सहजच." अण्णांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "सहज कोनी काई करत न्हाई, सर," म्हणाले आणि शेळ्यांकडे निघून गेले.

अण्णा साठीच्या पुढचे. शेळ्या पाळायच्या, थोडं कोरडवाहू शेत करायचं आणि बाजाराच्या दिवशी शेळ्या घेऊन आखाडा बाळापूरला जायचं. त्यासाठी त्यांच्याकडे एक जुनी पिकअप आहे. तिचा मूळ रंग कोणता, हे आता अण्णांनाही सांगता येत नाही. घरात ते एकटेच. बायको चार वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक लेक वर्षा जवळा बाजारला दिलेली. एकटं राहून माणूस संशयी झाला म्हणावं, तर गावातली म्हातारी माणसं वेगळंच सांगतात. स्वतःच्या लग्नात अण्णांनी मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाट बाजूला सारून नवरी तीच आहे ना, ते पाहून घेतलं होतं म्हणे.

आमच्याकडे चहाला आले, की स्वतःचा कप माझ्यापुढे सरकवतात आणि माझा उचलतात. बायकोने एकदा मुद्दाम माझ्याच कपात साखर कमी घातली. अण्णांनी घोट घेतला, आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हळूच म्हणाले, "म्हंजी तुमचं बी बराबर चाललेलं न्हाई."

तर गेल्या हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी अण्णा बाळापूरहून परत येत होते. गावाजवळच्या वळणावर ब्रेक दाबला, तर पेडल सरळ खाली गेलं. अण्णांनी गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कोणाच्या तरी शेतातल्या कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगात घातली. अण्णांना खरचटलंसुद्धा नाही. हौद्यातल्या शेळ्या तर लगेच पऱ्हाटी खायला लागल्या.

बैल लावून गाडी दारात आणली. अण्णा खाली वाकले, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या पाइपातून तेल गळताना पाहिलं आणि उभं राहून निकाल दिला.

"कापला कोनीतरी."

"अण्णा, जुनी गाडी आहे, गंजला असेल."

"तुमी पाह्यला का गंजताना?"

मी म्हटलं, बाळापूरच्या गॅरेजात नेऊ. अण्णांनी मान हलवली. "तिथं चांगलं काढून घेतेत आन् कुजकं घालतेत. घरीच करतो." एरवी ते आठ-पंधरा दिवस गाडीवाचून राहिले असते. पण वर्षाला आठवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. सोमवारी तिला आणायचं होतं. जावई भाड्याची गाडी करून देतो म्हणाला होता. "त्या डायव्हरला मी वळखत न्हाई," हे अण्णांचं उत्तर. वळखत असते, तर अजूनच नको म्हणाले असते.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. चाकांपुढे दगड, गाडीखाली लाकडी ठोकळे, नव्या पाइपाचं भेंडोळं, पाइपाचं तोंड फुलवायचा मागून आणलेला शिकंजा. मला मदतीला बोलावलं. विश्वासाने नव्हे, माणूस डोळ्यांसमोर राहावा म्हणून. जुना नट गंजून बसला होता. रॉकेल टाकून पाहिलं, तरी हलेना. मी घरातून लोखंड कापायची करवत आणून दिली. अण्णांनी ती उलटसुलट फिरवून पाहिली.

"मास्तरकीच्या धंद्यात ही काहून लागती?"

त्या क्षणापासून मी पहिल्या नंबरचा संशयित झालो. कापणं चालू असताना दर दोन मिनिटांनी गाडीखालून आवाज यायचा, "परवा संध्याकाळी कुठं व्हते म्हनले तुमी?"

शेवटी पाइप निघाला. अण्णांनी तो फडक्याने पुसून वाकवून पाहिला, तर कुरडईसारखा मोडला. कापल्याची खूण कुठेच नव्हती. मग ते पुन्हा गाडीखाली सरकले आणि वर पाहू लागले. पाइपाच्या बरोबर वर हौद्याच्या फळीला भेग होती आणि तिच्या कडेने पांढरे ओघळ वाळले होते. बाजाराच्या वाटेवर शेळ्या तिथेच उभ्या राहायच्या आणि त्यांचं मूत वर्षानुवर्षं त्या पाइपावर ठिबकत आलं होतं.

अण्णा बाहेर आले. दावणीच्या शेळ्यांकडे पाहत म्हणाले, "म्या म्हनलंच व्हतं, जवळचं कोनीतरी हाय."

मला वाटलं, आता माझी सुटका झाली. पण एक पाइप गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे, म्हणून अण्णांनी सगळे बदलले. जुना पाइप जमिनीवर ठेवून त्याच्या वळणावर नवा वाकवायचा, टोकाला नट घालायचा, तोंड फुलवायचं, पसंत पडलं नाही की कापून पुन्हा. चार वाजता फळीची भेगही पत्रा ठोकून बंद झाली. मग पाइपातली हवा काढायची होती. मी पेडलवर, अण्णा गाडीखाली.

"दाबा." दाबलं. "धरा." धरलं.

"बुडबुडे येऊन राहिले. पाय उचलला तुमी."

"नाही उचलला."

"मंग कट् आवाज कशाचा आला?"

"माझ्या गुडघ्याचा."

अण्णांनी थोडा वेळ विचार केला. "बरं. सोडा."

पेडल दगडासारखं घट्ट झालं, तेव्हा उन्हं उतरली होती. गावाबाहेर माळाचा मोठा उतार आहे, तिथे गाडी नेऊन पाहायची असं ठरलं. मी शेजारी बसलो. उताराच्या तोंडाशी अण्णांनी गाडी थांबवली आणि मला म्हणाले, "उतरा."

मला रागच आला. दिवसभर राबवून घेतलं आणि आता एवढाही भरवसा नाही? मी दार आपटून उतरलो. अण्णांनी करदोड्याची गाठ सोडली, घराची किल्ली काढली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली.

"लहान्या करडाला बाटलीनं दूध पाजा लागते. वर्षाचा नंबर भितीवर लिव्हेल हाय."

"मला काहून देता?" माझ्याही तोंडून तोच शब्द गेला.

अण्णा समोर रस्त्याकडे पाहत होते. "दुसरं कोन हाय?"

गाडी उताराला लागली. मी किल्ली मुठीत धरून उभा राहिलो. मधल्या वळणावर मागचा लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. तळाशी गाडी जागच्या जागी थांबली. मग अण्णांनी ती वळवून वर आणली आणि म्हणाले, "बसा." किल्ली मात्र घरी पोचल्यावरच मागितली.

सोमवारी दुपार कलताना वर्षा आली. दीड तासाच्या वाटेला तीन तास लागले होते. आमच्या ओसरीवर पाणी पिता पिता ती माझ्या बायकोला सांगत होती, "काकू, अण्णा दर उताराला गाडी थांबवून खाली उतरत. चाकामागं वाकून पाहत, अन् मंग परत वाकत. मी म्हनलं, दोनदा काय पाहून राहिले?"

"मग?"

वर्षाने गाडीकडे पाहिलं. अण्णा तिची पिशवी काढत होते.

"म्हनले, एकदा माह्या वाटचं. एकदा तुह्या मायच्या वाटचं."