मॅनेजरसाहेबांना विचारून येतो

फुकटच्या कॉफीचा तिसरा कप मी घेतला नसता, तर आज चारचौघांसारखा ताठ मानेने जगत असतो. पण फुकट म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. (पैसे पडणार असले तरी म्हणता येत नाही, पण तो विषय वेगळा.)

गाडी बायकोला हवी होती. ती शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी शाळा गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेली आणि तिच्या नशिबी दोन बस आल्या. दुसरी बस आली तर येते, नाही तर तिसऱ्या दिवशी दोन एकदम येतात. शेवटी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली आणि चौथ्या खेपेला पास झाली. मीसुद्धा तिच्याबरोबर क्लास लावला होता. पहिल्याच दिवशी माझे शिक्षक चालत्या गाडीतून उतरले.

शोरूमच्या पायरीवर तिने मला थांबवलं.

"हे बघा, आत गेल्यावर कसलंही कौतुक करायचं नाही. विचारलं तर 'बघू' म्हणायचं. आणि कुठल्याही कागदावर सही करायची नाही."

शेवटच्या सूचनेला इतिहास आहे. दारावर आलेल्या एका गृहस्थांकडून मी घोड्यांची निगा या विषयावरचे अठरा खंड हप्त्याने घेतले होते. त्यांना माझा चेहरा अभ्यासू वाटला, असं ते म्हणाले. इतकं स्पष्ट मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

आत आम्हाला जो सेल्समन भेटला तो इतका हसत होता, की मी मनातल्या मनात त्याचं नाव बत्तिशी ठेवून टाकलं. त्याने बायकोला एका निळ्या गाडीत बसवलं, हलकेच दार लावलं आणि डोळे मिटून म्हणाला, "आवाज ऐकलात, मॅडम? दुसऱ्या कंपनीचं दार असं लागत नाही. ते नुसतं बंद होतं."

"वा!" मी म्हणालो. बायकोने काचेतून पाहिलं. "म्हणजे, बघू," मी म्हणालो.

"निळ्या रंगात हा शेवटचा पीस. सकाळपासून सहा जण विचारून गेले. शिवाय ऑफर आज संध्याकाळी सहाला संपते."

"आणि सहानंतर?" बायकोने विचारलं.

"उद्या नऊला परत सुरू होते. पण मधे रात्र आहे, मॅडम. रात्रीत माणसाचं मन बदलतं."

मग घासाघीस सुरू झाली. बायकोने एक आकडा सांगितला. बत्तिशीने छातीवर हात ठेवला. "माझ्या हातात असतं तर तुम्हाला फुकट दिली असती. मॅनेजरसाहेबांना विचारून येतो."

हॉलच्या टोकाला दुधी काचेची एक केबिन होती. काचेमागे रुंद खांद्यांची, मोठ्या डोक्याची एक सावली खुर्चीत बसलेली दिसायची. बत्तिशी आत गेला की आवाज चढायचे, काहीतरी दाणकन आपटायचं आणि चार मिनिटांनी तो घाम पुसत बाहेर यायचा.

"साहेब फार तापलेत. पण तुमच्यासाठी मी भांडलो. पायाखालच्या मॅट फुकट!"

असा तो पाच वेळा आत गेला. दोन तासांत आमच्या पदरात मॅट, किल्लीचं कडं आणि गाडीत लटकवायची सुवासिक बाटली एवढं पडलं. किंमत जागची हलली नव्हती. बायको हलली नव्हती. हललो फक्त मी, कारण तोवर तिसरा कप संपला होता.

मी बाथरूम शोधायला निघालो. मागच्या बोळात दोन दारं होती. नियमानुसार मी चुकीचं उघडलं.

आत बत्तिशी एकटा, एका लोखंडी कपाटासमोर उभा होता. जाड आवाजात तो कपाटाला म्हणाला, "परवडत नाही म्हणजे नाही!" मग स्वतःच्या आवाजात म्हणाला, "साहेब, माणसं साधी आहेत हो! नवरा तर अगदीच गरीब गाय आहे!" आणि त्याने कपाटावर दाणकन मूठ आपटली.

खुर्चीत कोट अडकवायचा एक स्टँड बसवला होता. त्यावर एक भला मोठा कोट होता आणि वर हेल्मेट.

बत्तिशीने वळून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे दात आत गेले असावेत.

"मॅनेजरसाहेब कुठे आहेत?" मी विचारलं.

"ते दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेले. कोट विसरून गेले." तो माझे हात धरून म्हणाला, "मालकांनी जागा भरलीच नाही. धंदा उलट वाढला. साहेब, कुणाला सांगू नका. घरी म्हातारी आई आहे."

"नाही सांगणार. बाथरूम कुठे आहे?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच हॉलकडच्या, समोरच्या दारावर थापा पडल्या. "मी आत येतोय! आता साहेबांशी समोरासमोर बोलणार!"

"बेकरीवाले!" बत्तिशी पांढराफटक पडला. "टेम्पोसाठी सकाळपासून बसलेत." आणि मला काही कळायच्या आत त्याने स्टँड कपाटामागे सारला, तो कोट माझ्या अंगावर चढवला आणि मला खुर्चीत दाबून बसवलं. (हेल्मेटही घालणार होता. मी हात धरला.)

दार उघडून बेकरीवाले आत आले. माणूस दारापेक्षा थोडा मोठा होता, कोपरापर्यंत मैद्याने पांढरा. त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि मैद्याचा ढग उठला.

"शेवटचं किती ते सांगा!"

मी काहीच बोललो नाही. बोलणं शक्यच नव्हतं. तोंड उघडलं असतं तर सगळाच ताबा सुटला असता. मी दात आवळले, गुडघे आवळले आणि त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो.

बेकरीवाले जरा नरमले. "म्हणजे... मी सांगितलेला आकडा कमी वाटतोय का?"

माझ्या कपाळावर घाम आला. मी डोळे बारीक केले.

"बरं, पाच हजार वर घ्या. पण असं बघू नका हो! मीसुद्धा बायकापोरांचा धनी आहे."

"हं," मी म्हणालो. ते कण्हणं होतं.

बेकरीवाल्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. (मला त्या क्षणी हलवणं अत्यंत धोक्याचं होतं.) "कडक माणूस! पण शब्दाचा पक्का दिसतो," असं बत्तिशीला सांगत ते कागदपत्रं करायला निघून गेले. जाताना बत्तिशीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने ऑफिसात आवक-जावक विभागाच्या कारकुनाकडे सत्तावीस वर्षांत कुणी पाहिलेलं नाही.

मी उठलो. बोळाच्या दाराकडे एक पाऊल टाकलं. तेवढ्यात समोरचं दार पुन्हा वाजलं.

"साहेब, आत येऊ? मी सोमवारपासून कामाला लागलेली," एका मुलीचा आवाज आला. तिला बिचारीला मॅनेजर खरोखर आहे असंच वाटत होतं. "एक मॅडम आल्यात. कुणाचंच ऐकत नाहीत. तुम्हालाच भेटायचं म्हणतायत."

आणि पाठोपाठ बायकोचा आवाज. "विचारायचं काय त्यात? मी आलेच आहे."

मी खुर्चीत पडलो आणि खुर्ची गर्रकन भिंतीकडे फिरवली.

"नमस्कार. असे पाठ करून का बसलात?"

"डोळे आलेत," मी जाड आवाजात म्हणालो. "तुम्हाला लागण नको."

 मग खुर्ची ओढल्याचा आवाज.

"हे बघा साहेब, मला गाडी पसंत आहे. पण आमचे हे तयार नाहीत. फार कडक स्वभाव. एकदा नाही म्हणाले, की ब्रह्मदेव खाली उतरला तरी हो व्हायचं नाही."

मी भिंतीकडे बघत राहिलो. भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर होतं.

"घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. ते चिडले की भांडीसुद्धा आपोआप गप्प होतात."

मला या गृहस्थांविषयी फार आदर वाटू लागला. "कुठे आहेत ते?" माझ्याच्याने राहवेना.

"बाहेर. तापलेत. थांबा, मी त्यांना विचारून येते."

ती गेली. मी वळून मागच्या दाराकडे पाहिलं, पण ती सोमवारची मुलगी वही-पेन घेऊन तिथेच उभी होती. तिने मला नम्रपणे नमस्कार केला. मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. चार मिनिटं मी एका पायाने दुसऱ्या पायाला विळखा घालून कॅलेंडरवरचे रविवार मोजले.

बायको परत आली. "विचारलं. विमा आणि नोंदणी तुमच्याकडून, आणि किंमत चाळीस हजारांनी खाली. नाहीतर उठ म्हणाले."

मी असलं काही म्हणालो नव्हतो. मी तिथे नव्हतोच. म्हणजे होतो, पण तो मी नव्हतो. आणि इथे माझ्या हातून जे घडलं त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. तो कोट अंगात भिनला असावा.

"तीस!" मी म्हणालो. "त्याच्या वर कंपनीला परवडत नाही!"

"असं? मग परत विचारून येते."

"नको!" मी किंचाळलो. आणखी चार मिनिटं माझ्याकडे नव्हती. पण ती गेली. परत आली तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या झुलत होतो.

"फारच चिडलेत हो. तीस ऐकल्यावर आता पन्नास म्हणतायत. आणि मागच्या सीटची कव्हरं."

"दिले! पन्नास दिले! कव्हरं दिली! उठा!"

"लेखी द्या."

मुलीने भराभर लिहिलं. कागद माझ्या खांद्यावरून पुढे आला. मी न वळता सही ठोकली आणि कोटासकट मागच्या दारातून असा सुटलो, की त्या मुलीला वाटलं कुठेतरी आग लागली आहे.

पुढच्या काही मिनिटांच्या सुखाचं वर्णन मी करणार नाही. ते ज्याचं त्याने समजावं.

कोट बोळातच टांगून मी हॉलमध्ये आलो आणि बेकरीवाल्यांना नि त्या मुलीला दिसू नये म्हणून एका गाडीआड थांबलो, तर आमच्या टेबलाभोवती घोळका. बत्तिशी तो कागद उलटसुलट करून बघत होता. "पन्नास? ही सही कुणाची?"

"तुमच्या मॅनेजरसाहेबांची," बायको शांतपणे म्हणाली.

"अहो पण मॅनेजर तर..."

शेजारच्या टेबलावरून बेकरीवाल्यांनी मान वर केली. "मॅनेजर तर काय? आत्ता मी ज्यांना पाच हजार वाढवून दिले, ते मॅनेजर नाहीत का?"

बत्तिशीने माझ्याकडे पाहिलं, बेकरीवाल्यांच्या मनगटांकडे पाहिलं आणि एकेक करत सगळे दात बाहेर काढले. "छे छे! साहेबांचीच सही. साहेबांचा आज वाढदिवस असेल." मग कोपऱ्यात जाऊन त्याने मालकांना फोन लावला. बराच वेळ फोन कानापासून हातभर लांब धरून ऐकत होता. शेवटी मालकांनाही पटलं असावं, की नसलेल्या मॅनेजरची सही नाकारायची तर तो नाही हे चारचौघांत सांगावं लागेल.

निळी गाडी आमची झाली.

गाडी ताब्यात यायला दोन दिवस होते, म्हणून आम्ही बसनेच परतलो. बसमध्ये मी म्हणालो, "कधी ओळखलंस?"

"दारातच. ते टक्कल बावीस वर्षं बघतेय."

"मग मधे दोनदा बाहेर जाऊन कुणाला विचारत होतीस?"

"कुणालाच नाही. कूलरपाशी उभी राहून घड्याळ बघत होते. तो सेल्समन दर वेळी चार मिनिटं लावायचा, मीही चार लावली. आणि तुम्हाला तीन कप कॉफी झालीय हे मला ठाऊक होतं. घाई तुम्हाला होती, मला नव्हती." तिने तिकीट पर्समध्ये ठेवलं. "तरी तुम्ही 'तीस' म्हणालात ना, तेव्हा क्षणभर वाटलं, खरंच कुणीतरी दुसरं आहे की काय."

मला बरं वाटलं. जरा सरसावून मी विचारलं, "आणि ते... मी कडक आहे, घर थरथरतं वगैरे?"

"व्यवहारात थोडं खोटं बोलावं लागतं हो," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

आता ती रोज गाडीने शाळेत जाते. पहिल्या तासाला वेळेवर आणि कोरडी पोचते. मुलं म्हणे कुरकुर करतात, पूर्वी दहा मिनिटं सुटायची म्हणून.

महिन्याभराने एका रविवारी फोन वाजला. शोरूमचे मालक स्वतः बोलत होते. त्या दिवसाची हकीकत त्यांच्या कानावर गेली होती. इतकी वर्षं धंद्यात काढली, पण अशी घासाघीस कधी ऐकली नव्हती, असं ते म्हणाले. मॅनेजरची जागा आता भरायचीच असं त्यांनी ठरवलं होतं. फक्त शनिवार-रविवार यायचं, पगार चांगला, स्वतंत्र केबिन.

मी खुर्चीतून उठलो. शर्टाची कॉलर नीट केली. सत्तावीस वर्षांचं आवक-जावक डोळ्यांसमोरून झरझर गेलं. "विचार करावा लागेल," मी त्या जाड आवाजात म्हणालो.

"हो हो, सावकाश करू द्या त्यांना विचार," मालक म्हणाले. "वहिनी आहेत का घरात?"

मी फोन तिच्या हातात दिला. तिने दोन मिनिटं ऐकून घेतलं, मग फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "अहो, जरा बाहेर थांबता का? पगाराचं बोलणं चाललंय, तुम्ही समोर असलात की मला हसू येतं. आणि बाहेर जाताच आहात तर गाडी पुसून ठेवा."