तांबट आळीच्या सज्जांचे वर्तमान

श्रीगजानन प्रसन्न. ऐकणारांस आयुरारोग्य असो. शके सतराशे सात, विश्वावसुनाम संवत्सरी, वैशाखमासी एका संस्थानी वर्तमान जाहले ते ऐसे. कसब्यातील तांबट आळीत घरे भिंतीस भिंत लावून उभी, आणि वरचे नक्षीदार लाकडी सज्जे दोहों बाजूंनी इतके पुढे आले होते की भर दुपारी खाली सावली राहे, आणि समोरासमोरच्या बाया विरजण वरचेवर देत घेत. मग श्रीमंतांनी हत्ती खरेदी केला, आणि अंबारीतून आळीच्या वाटे देवदर्शनास जावे ऐसे मनी आणिले. अंबारी सज्जांस अडे. हुकूम जाहला की, सज्जे उतरावे आणि जे घर देतील त्यांस नदीपलीकडे मोकळी जागा द्यावी.

आळीच्या तोंडी सगुणाबाई तांबटीण एकटी राहात असे. तिणे सर्वांआधी रुकार दिला. जन्म अंधाऱ्या माजघरात गेला, आता नदीपलीकडे अंगणात ऊन येईल, म्हणोन हर्ष जाहला. शेजारीण चिमाबाई, तिशी जुन्या भांडणामुळे बोलणे नव्हते. मग सुतारांनी फळ्या काढिल्या, तो सज्जाची तुळई चिमाबाईच्या भिंतीत शिरलेली, आणि चिमाबाईची पुढल्या घरात.

सुतार बोलिला, "बाई, ही ओढली तर शेजारची भिंत बसेल."

सगुणाबाईने वर पाहिले. चिमाबाई आपल्या सज्जात कठडा घट्ट धरून उभी.

"फळ्या परत ठोका," सगुणाबाई बोलिली, आणि तशीच वाड्यावर गेली.

"महाराज, माझे घर मी देत्ये. पण त्याच्या लाकडावर शेजारणीचे घर उभे आहे, ते कैसे देऊ?"

कारभारी रागे भरले. श्रीमंत मात्र पायी आळीत आले, आणि तुळई निरखून पाहिली, आणि ओट्यावर सावलीत बसून पाणी प्राशन केले, मग हसोन आज्ञा केली, "हत्तीस पाय आहेत, ओढ्याकडून फिरून जाईल. घरांस पाय नाहीत. सज्जे राहू द्या."

नदीपलीकडील जागाही मग हुकली. सगुणाबाई माजघरात येऊन बसली, आणि थोडे रडली. इतक्यात भिंतीपलीकडून हाक आली, "सगुणे, भात उतरवलाय. एकटी काय जेवतेस? इकडे ये."

सारांश, आळी राहिली, आणि त्या दिवशी चिमाबाईच्या घरी दोन पाने वाढली. जैसे घडले तैसे लिहिले. लेखनसीमा.