पारसिकचा बर्फ

ठाण्याच्या वाचनालयात विलायतेहून नॉर्वे देशाचे एक चित्र आले. दोन उभ्या डोंगरांमधून आत शिरलेला समुद्र, काळेशार निवांत पाणी आणि माथ्यावर बर्फ. सभासदांनी ते हातोहात फिरवले. मग ठराव झाला की, पारसिकच्या डोंगराखालची आपली खाडीही अशीच आहे. बर्फ तेवढा कमी पडतो.

ही उणीव दूर करण्यासाठी सृष्टिसौंदर्य कमिटी नेमली गेली. तिने मिठागरातले मीठ डोंगरावर चढवले. देखावा जमला, पण त्या बर्फावर कावळे बसू लागले. चित्रात कावळा नव्हता. सबब कावळे हाकलावेत असे ठरले आणि सभासद पत्र्याचे डबे बडवू लागले. त्र्यंबकरावांचा डबा सर्वांत मोठा होता.

पुढे गावात तापाची साथ आली आणि त्र्यंबकरावांची बायको गोदा गेली.

दहाव्याला ते पिंड मांडून खाडीकाठी बसले. आभाळ नॉर्वेसारखे स्वच्छ होते. कावळा औषधालाही नव्हता.

"दर्भाचा कावळा करू," भटजी म्हणाले.

"नको. तिला नकली काही चालत नसे. आमचा बर्फ बघून पोट धरून हसली होती."

मीठ वाहून खांदे सोललेला नाथा तिथेच उभा होता. "कावले सगले शहाडला गेले, रावसाहेब. तुमीच हाकलले ना!"

पिंड घेऊन त्र्यंबकराव शहाडला पोचले. उल्हास नदीच्या काठी कमिटीचे चार सभासद आपापली पत्रावळ मांडून, एकमेकांकडे पाठ करून उभे होते. कोणी कोणाला ओळख दिली नाही. अध्यक्ष विश्रामरावांच्या आईच्या पिंडाला कावळा शिवला, तसा त्यांनी मोकळा श्वास घेतला आणि चौफेर पाहिले.

"वा, त्र्यंबकराव! काय हे पाणी, काय ही झाडी! नॉर्वेच की! फक्त हे कावळे..." त्यांनी पिशवीतून डबा काढला.

"अहो थांबा, माझा राहिलाय!"

"आमचा झाला."

त्र्यंबकरावांनी डबा हिसकावला, उपडा घातला, त्यावर बसकण मारली आणि पिंड समोर मांडला. "गोदे, बर्फाचा नाद सोडला गं," ते पुटपुटले. एका कावळ्याने मान वाकडी केली, पुढे आला आणि पिंडाला शिवला.

वाचकहो, तो काठ खरोखरच सुंदर आहे. अवश्य बघायला या. डबा मात्र घरी ठेवा. तुमचाही दहावा कुठेतरी व्हायचा आहे.