अळ्यांचा दर्जाबदल

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या दोनशे घरांच्या एका वसाहतीत, गुरुनाथ यांच्या अंगणातल्या ल्युपिन या फुलझाडाच्या पानांना भोकं पडल्याचं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निदर्शनास आलं. घरमालकांच्या असोसिएशनने चोवीस तासांत नोटीस धाडली: ‘दर्शनी भागातील पाने अखंड असावीत.’

नोटीस वाचून गुरुनाथांना आनंदच झाला. निवृत्तीनंतर बियांपासून वाढवलेली ही इथली देशी झाडं तिसऱ्या वर्षी फुलली होती आणि ज्यांच्यासाठी लावली त्या फुलपाखरांनी पहिल्यांदाच अंडी घातली होती. आता अळ्या नऊ. रोज सकाळी ते भिंग घेऊन हजेरी घेत. असोसिएशनचा गैरसमज दूर करायला ते स्वतः बैठकीला गेले.

“काका, फुलपाखरांना आपला पूर्ण सपोर्ट आहे,” अध्यक्ष वीणाताई म्हणाल्या. “गेटवर स्वागताचा बोर्डच लावलाय. पण नियमावलीत अळी कुठेच नाही.”

“अहो, अळीचंच तर फुलपाखरू होतं!”

“मग झाल्यावर येऊ दे ना.”

मदतीला धावला शेजारचा निमिष. सॉफ्टवेअरमधला माणूस, ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं उभा. “काका, तुम्ही चुकीच्या कॅटेगरीत अप्लाय करताय यार. दर्जाबदलाचा अर्ज टाका.” मसुदा त्यानेच केला: ‘अर्जदार सध्या अळी या तात्पुरत्या दर्जावर असून, पुढील वसंतापर्यंत फुलपाखरू होण्याचा त्यांचा प्रामाणिक इरादा आहे.’ दर अळीमागे एक अर्ज, दोन फोटो, एक समोरून, एक बाजूने. समोरची बाजू कोणती, यावर दोघांची दुपार गेली.

कार्यकारिणीतल्या सातांपैकी पाच जणांनी ग्रीन कार्डपायी असे अर्ज स्वतःसाठी भरले होते. इतकी चोख कागदपत्रं पाहून त्यांना गहिवरून आलं. सर्व अर्ज दाखल झाले, पावत्या मिळाल्या आणि एक अट घालण्यात आली. अर्ज प्रलंबित असताना अर्जदारांना राहता येईल, खाता येणार नाही. सबब, झाडांवर जाळी आणि अर्जदार जाळीबाहेर.

“ल्युपिनशिवाय त्या दुसरं काही खात नाहीत हो! मरतील!” गुरुनाथ उभेच राहिले.

“काही मरत नाहीत,” खजिनदार रवींद्र शांतपणे म्हणाले. “आमची दीपा सहा वर्षं डिपेंडंट व्हिसावर, कामाची परवानगी नाही म्हणून घरी बसली. काही बिघडलं का?”

इतिवृत्त लिहिणाऱ्या त्यांच्या बायकोचं, दीपाचं पेन क्षणभर थांबलं. हे वाक्य इतिवृत्तात आढळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुनाथांनी जाळीचं एक टोक उचललं आणि नऊही अळ्या बोटाने अलगद पानांवर सोडल्या. तासाभरात त्याचा फोटो वसाहतीच्या ग्रुपवर आला. पाठवणारा निमिष.

गुरुनाथ कुंपणापाशी गेले. “अरे, अर्ज तूच लिहिलास ना?”

“म्हणून तर, काका! पर्सनल काही नाही. पण वडील गेले तेव्हा मी पुण्याला जाऊ शकलो नाही. परत येता आलं नसतं तर, म्हणून. नियमच तसा होता, मी पाळला. आणि ह्या कालच्या आल्या, खाल्लं आणि डायरेक्ट फुलपाखरू? रांग म्हणून काही आहे की नाही?”

गुरुनाथांच्या वेळी रांग दोन वर्षांची होती.

निमिषने हेच ग्रुपवर लिहिलं. सत्तेचाळीस अंगठे उठले. संध्याकाळी असोसिएशनच्या माणसाने अळ्या वेचून बाहेर ठेवल्या आणि जाळी खिळ्यांनी पक्की केली. तिसऱ्या दिवशी भिंगाखाली चार अळ्या हलत होत्या, पाचव्या दिवशी एकही नाही. ल्युपिनची पानं मात्र आता अखंड होती. तशी नोंद होऊन प्रकरण निकाली निघालं.

निमिषचं म्हणणं वाचताना आपलीही मान किंचित हलली असल्यास वेगळं कळवण्याची गरज नाही. ती अठ्ठेचाळिसावी धरण्यात आली आहे.