हिंदुरावांची नाचरी गाडी

हिंदुरावांनी गाडी घेतली तेव्हाच साऱ्या गल्लीला ठणकावून सांगितलं होतं, "आख्ख्या सोलापूर जिल्ह्यात हिच्याएवढी सेफ गाडी दुसरी न्हाय! सहा एअरबॅगा, चारी बाजूला क्यामेरे, आणि ब्रेक तर असा की तुमी मारायचा इसरला तर गाडी सोता मारती!"

यातलं शेवटचं तेवढं खरं निघालं. गाडी स्वतः ब्रेक मारायची. पुढे कोणी असो वा नसो!

गाडीचं नाव झोरिना. क्रॉसओव्हर. म्हणजे जीपसारखी उंच, कारसारखी गुळगुळीत, आणि दोन्हींपैकी एकीच्याही कामाची नाही, असं हिंदुरावांच्या पत्नीचं, वच्छलाबाईंचं, मत. पण सोलापूर शहरात जो तो हिच्यामागे वेडा झालेला. हिंदुरावांनी निवृत्त होईपर्यंत श्रीपूरच्या साखर कारखान्यात तीस वर्षं वजनकाट्यावर काढलेली. उसाच्या गाडीखाली कोणी दगड लपवला तरी लांबून ओळखणारा माणूस! असा माणूस शोरूमच्या एसीत बसून एक कॉफी प्याला आणि विरघळला. कारण एकच. त्यांची लेक आरोही माढ्याच्या कॉलेजात शिकवायची. रोज हायवेनं जाणं-येणं. लेक सुखरूप घरी आली पाहिजे, बस्स! त्यासाठी साठवलेलं सगळं ओतलं.

पहिल्याच आठवड्यात गाडी धुवायला काढली, तर छताच्या काचेतून पाणी थेट आत बसलेल्या वच्छलाबाईंच्या अंबाड्यात. दुसऱ्या आठवड्यात समोरचा टचस्क्रीनचा पडदा काळाठिक्कर पडला. पडदा गेला की दारं आपोआप कुलूपबंद, काचा खाली यायच्या बंद, हॉर्नसुद्धा मुका! आत अडकलेल्या माणसानं पडदा पुन्हा उजळेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. आणि मग सुरू झालं ते ब्रेकचं. मोकळा रस्ता असला तरी गाडीच्या स्पीकरमधली बाई ओरडायची, "सावधान! आगे अवरोध है!" की कचकन ब्रेक! एकदा लिंबाच्या सावलीला घाबरून थांबली. एकदा रस्त्याकडेच्या पुढाऱ्याच्या फ्लेक्सला बघून थांबली.

"तेवढं बरोबर ओळखलं हो तिनं," वच्छलाबाई म्हणाल्या.

पण हसणं फार दिवस टिकलं नाही. एका संध्याकाळी आरोही घरी आली ती गाडीतून उतरेचना. मोहोळच्या पुढे, भर हायवेवर, समोर चिटपाखरू नसताना गाडीनं ब्रेक मारला होता. मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर कसाबसा थांबला. पोरीचे हात स्टेअरिंगवरून निघत नव्हते. हिंदुरावांनी ते एकेक बोट करून सोडवले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आपणच लेकीला या डबड्यात बसवलं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवसापासून आरोही एसटीनं जायला लागली आणि हिंदुराव शोरूमला.

शोरूममध्ये अभिमन्यू नावाचा तरतरीत सर्व्हिसवाला होता. गळ्यात पट्टा, हातात टॅब. तो म्हणायचा, "सर, हा प्रॉब्लेम नाही, हे फीचर आहे. गाडी तुमची काळजी घेते."

"आरं, काळजी घेती का जीव घेती?"

"सर, सॉफ्टवेअर अपडेट आलं की ओके होईल."

असं तीनदा झालं. तिन्ही वेळा गाडी दोन दिवस ठेवून घेतली, पुसली, आणि वर कागद दिला: दोष आढळला नाही. तिसरा कागद हातात आला तेव्हा हिंदुरावांच्या टकलापर्यंत लाली चढली.

"दोष न्हाय व्हय? बघतो! बैलं जुपून वडत आणतो ही गाडी तुमच्या दारात! गावासमोर लेखी घेतल्याबिगर हालणार न्हाय!"

हा काही नुसता तोंडचा दम नव्हता. बिघडलेल्या गाडीला जनावर जुंपून वाजतगाजत शोरूमपुढे न्यायची, हा आपल्याकडचा रामबाण निषेध. हिंदुरावांनी लगेच श्रीपूरला हरिबाला फोन लावला. हरिबा बैलगाडीनं ऊस वाहणारा. हंगाम संपलेला, बैल रिकामे. शिवाय काट्यावर हिंदुरावांनी त्याला कधी एका किलोला फसवलं नव्हतं.

"सायेब, मिरवणूक म्हणता व्हय? या सोमवारी टेंपोत घालून आनतो की बैलं!"

वाजवायला मुबीन ब्रास बँड ठरवला. मुबीन गल्लीतलाच. त्याला आधीच अडचण पडली. "चाचा, आपल्याला लग्नाचंच वाजवायला येतंय. निषेधाची ऑर्डर आजपर्यंत कुणी दिलीच न्हाय!"

"काय बी वाजीव! लोकं गोळा झाली म्हंजी झालं!"

पेंटरकडून लांबलचक कापडी फलक रंगवून घेतला: 'ही गाडी फसवी आहे. लेकीबाळींना बसवू नका!' हिंदुराव तो फलक आठवडाभर रोज उलगडून बघायचे आणि मिशीत हसायचे.

सोमवार उजाडला. हरिबा आला, आणि हिंदुरावांनी कपाळावर हात मारला. बैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर आरशांच्या झुली, गळ्यात घुंगरमाळा, शिंगांना फुगे!

"आरं हरिबा, निषेध हाय हा! पोळा न्हाय!"

"सायेब, पयल्यांदाच शेरात आलीत. बोडकी कशी आनू?"

तेवढ्यात वच्छलाबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर. बैल दारात आले आणि ओवाळायचं नाही? त्यांना ते पटेना. बैलांना ओवाळलं, आणि हात थांबेचना म्हणून गाडीलाही ओवाळलं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. वर झेंडूचा हार! हिंदुराव ओरडत राहिले, पण बँड सुरू झाला होता.

दोर बांधला. स्टेअरिंग धरायला कोणीतरी आत पाहिजे, आणि गाडी चालू ठेवल्याशिवाय ते फिरत नाही, म्हणून स्वतः हिंदुराव आत बसले. हरिबानं "हुर्रर्र" केलं. बैलांनी ओढ घेतली. गाडी हललेली दिसताच आतली बाई किंचाळली, "सावधान! आगे अवरोध है!" पुढे साक्षात दोन बैल! कचकन ब्रेक! बैल थबकले. ब्रेक सुटला. बैलांनी पुन्हा ओढलं. पुन्हा "आगे अवरोध है!" पुन्हा कचकन!

असं करत करत वरात निघाली. हिसका, थांबा. हिसका, थांबा. हिंदुरावांची मान कोंबड्यासारखी पुढे-मागे. मुबीन बिचारा कलाकार माणूस. बेताल काही चाललं की त्याच्या पोटात दुखतं. त्यानं दोन मिनिटं गाडीकडे पाहिलं आणि ढोल त्या हिसक्यांवर बसवला. धडाम! कचकन! धडाम! कचकन!

नवी पेठेत शिरेपर्यंत एकच गलका उडाला.

"आयला! गाडी नाचतीय!"

कापड दुकानांतली गिऱ्हाइकं साड्या सोडून दारात आली. रिक्षावाले रिक्षांच्या टपावर चढले. सगळ्यांचे मोबाईल वर! पेठेतला ट्रॅफिक हवालदार शिट्टी वाजवत धावत आला, सजवलेले बैल बघितले, आणि "वरात हाय, जाऊ द्या" म्हणून स्वतःच वाट करून द्यायला लागला.

"आवो निषेध हाय! निषेध!" हिंदुराव आतून ओरडले. आणि नेमका तेव्हाच पडदा काळा पडला. दारं कुलूपबंद. काचा बंद. बाहेर ढोल, ताशे आणि घुंगरमाळा. आतला आवाज आतच! त्यांनी दोन्ही हात हलवले. लोकांनी हात हलवून उत्तर दिलं. त्यांनी काकुळतीला येऊन हात जोडले. साऱ्या पेठेनं उलट नमस्कार घातला!

"नगरसेवकपदाला उभं हायत का काय?" एका बाईनं विचारलं.

"न्हाय ओ, नवी गाडी घेतलीय. किती नम्र मानूस बघा की."

सराफानं नारळ फोडला. कोणीतरी पेढ्याचा पुडा टपावर ठेवला. हिंदुरावांनी हरिबाला काचेतून खुणा केल्या, फलक! फलक कुठाय? हरिबानं हसून बैलांच्या मानेकडे बोट दाखवलं. त्या फलकाची त्यानं छान चौपदरी घडी करून जोखडाखाली घातली होती. बैलाच्या मानेला लागतंय की! 'लेकीबाळींना बसवू नका' ही अक्षरं बैलांच्या घामानं भिजत शोरूमच्या सात रस्ता चौकापर्यंत गेली.

वरात शोरूमला पोचायच्या आधी तिचे व्हिडिओ पोचले होते. दारात अभिमन्यू शाल-नारळ घेऊन उभा! मागे त्याचा मॅनेजर, त्याच्या मागे नवी पेठेतून चालत आलेले पाच-सहा इसम रांगेत.

"नाचायचं टॉप मॉडेललाच येतंय का खालच्याला बी?" एकानं विचारलं.

"सगळ्यांना येतं सर," मॅनेजर म्हणाला. बुकिंगचे फॉर्म भराभर बाहेर आले.

पडदा एकदाचा उजळला. दार टक्कन उघडलं. हिंदुराव बाहेर आले ते घामानं निथळत, डोळे लाल. अभिमन्यूनं शाल पुढे केली. हिंदुरावांनी ती त्याच्याच डोक्यावर टाकली.

"बँड बंद!" ते गरजले. बँड थांबला. आत्ता कुठे लोकांना कळलं की हा माणूस आनंदात नाही.

"तीन डाव कागद दिलास मला. दोष आढळला न्हाय. दिलास का न्हाय?"

"दिला सर. आणि आजही बघा, पुढे बैल आहेत म्हणूनच गाडी थांबली. सिस्टीम एकदम—"

"मग बस! तू चालीव. मी शेजारी बसतो. मोहोळपतूर जाऊन येऊ. हायवेनं, ट्रकांच्या मधनं!"

अभिमन्यूनं टॅबकडे पाहिलं. "सर, आज जरा मीटिंग आहे."

"उद्या?"

"उद्या ऑडिट आहे."

"बरं, तू नगं. तुझ्या आईला बसीव. माझी लेक बसत हुती रोज. हात सुटत नव्हते पोरीचे स्टेअरिंगवरनं! एकेक बोट सोडवलंय मी! सांग, बसवशील का आईला ह्या गाडीत?"

पोरगं मुळात वाईट नव्हतं. त्याचं तोंड उतरलं. शाल अजून डोक्यावरच होती. तो अगदी हळू म्हणाला, "नाही सर. नाही बसवणार."

हळूच म्हणाला. पण मुबीननं कधीच आपल्या बँडचा माईक त्याच्या तोंडापुढे धरला होता! हातगाडीवरचे दोन्ही कर्णे एका आवाजात सात रस्त्याला सांगून मोकळे झाले: "नाही बसवणार!"

रांग पांगली. अशी पांगली की एक जण फॉर्मसकट पळाला, पेनही घेऊन गेला. मॅनेजर घाईघाईनं पुढे आला, "काका, आत बसून बोलू, कॉफी घेऊ."

"कॉफी एकदा पिलो. आता हितंच! लेखी!"

आणि तिथेच, बॉनेटवर कागद ठेवून, मॅनेजरनं लिहून दिलं: गाडीच्या ब्रेकमध्ये दोष आहे, गाडी परत घेत आहोत, पूर्ण रक्कम परत करू. सही. शिक्का. वच्छलाबाई मागून रिक्षानं येऊन पोचल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेऊन तीनदा वाचला आणि नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हिंदुरावांना लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आठवली. छाती पुढे काढून त्यांनी मुबीनच्या हातचा माईक घेतला. आता सोलापूरकरांना चार शब्द सांगणं त्यांचं कर्तव्यच होतं.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. अक्कलकोटहून प्रभु. वच्छलाबाईंचा धाकटा भाऊ.

"दाजी! व्हिडिओ बघितला की तुमचा! आख्खं अक्कलकोट बघायलंय! काय नाचती हो गाडी!"

"प्रभु, आदी ऐक माझं—"

"तुमी ऐका की! तुमी चौकशी केल्याबिगर सुई बी घेत न्हाय, मला म्हाईत हाय. आरोहीसाठी सेफ, ती माझ्या पोरीसाठी बी सेफ. आत्ताच हितल्या शोरूमात गेलो आन् लाल रंगाची झोरिना घेऊनच आलो! पोरगी चालवत सोलापूरला निघाली बी, तुमाला पेढे द्यायला!"

हिंदुरावांच्या हातातला माईक चालूच होता आणि फोन स्पीकरवर, त्यामुळे हे सगळं साऱ्या सात रस्त्यानं ऐकलं.

"तिला थांबीव! आत्ताच्या आत्ता फोन कर आन् गाडी कडेला घ्यायला लाव! जागची हलू देऊ नगं!" हिंदुराव असे ओरडले की दोन्ही कर्णे शिट्ट्या मारायला लागले. मग ते वळले. हरिबा बैलांच्या मानेवरचं जोखड उतरवत होता.

"हरिबा, बैलं सोडू नगं! घाल टेंपोत! अक्कलकोटच्या रस्त्याला जायचंय!"

"जाऊ की सायेब," हरिबा शांतपणे म्हणाला. "आता त्या लाल गाडीला बी बैलं तितंच जुपायची का?"

"पोरगी थांबवंल तितनं गाडी माघारी वडायची," हिंदुराव म्हणाले. "आन् फुडं बैलांच्या जोडीला मला जुप. चौकशी करून घेतलेली ना मी!"