चेंडोबाचं समुद्रस्नान

"औंदा माघात समुद्राला जायाचं म्हंजे जायाचं. आर्डर निघाली!" भाकरीचा तुकडा कोरड्यासात बुडवता बुडवता हंबीररावानं जाहीर केलं, आणि चुलीपुढं बसलेल्या मनुबाईच्या हातातली भाकरी तव्याऐवजी थेट निखाऱ्यावर पडली.

समुद्राचं हे वचन तसं जुनं होतं. अंगाची हळद उतरायच्या आधीच त्यानं ते दिलं होतं. पुढं पलटण आली, लढाई आली. हंबीरराव बोटीत बसून समुद्रापार गेला, सुभेदार होऊन पेन्शनीत परत आला, आणि मनुबाई कोयनेकाठी होती तिथंच राहिली. हिवाळा आला की नदीवरचा गारठा तिच्या गुडघ्यांत मुक्कामाला यायचा. नाक दसऱ्याला वाहायला लागलं की शिमग्यालाच थांबायचं. मलकापूरच्या वैद्यांनी सांगितलं होतं, "बाई, तुमचं औषध माझ्या पुडीत नाही. कोकणातल्या उबाऱ्यात चार दिवस पाय शेका."

पण गुडघ्यांपेक्षाही मोठं दुखणं म्हणजे थोरल्या जाऊबाई, बनुबाई. थोरले दीर नाथाजी आंब्याच्या व्यापाराला कोकणात उतरले होते, तेव्हा बनुबाई त्यांच्या संगं गेली होती. तेव्हापासून घरात कशाचंही कौतुक उरलं नव्हतं. कोयनेला पूर आला, तर "समुद्रापुढं ह्ये काय!" कढीला मीठ जास्त झालं, तर "समुद्र ह्याच्याहून खारट असतो, मने. तुला काय ठावं!" एकदा तरी समुद्र बघायचा आणि जाऊबाईंच्या तोंडचा तो समुद्र आटवायचा, एवढीच मनुबाईची इच्छा होती.

"खरंच नेताय?" तिनं विचारलं.

"नेतोय म्हंजे? गुहागरला माझा पलटणीतला दोस्त हाय, सयाजी. नारळाच्या बागेत पडवी मोकळी करून देतोय. तुमी पाय शेका, पोरं वाळूत लोळतील, आन् मी..." हंबीररावाचे डोळे भरून आले, "मी गोल्फ खेळणार."

घरात या शब्दाची धास्ती होती. इटलीत समुद्राकाठच्या आरामछावणीत कर्नलसाहेब गोल्फ खेळायचा आणि त्याची काठ्यांची पिशवी हंबीरराव वाहायचा. विलायतेला जाताना साहेबानं त्याला तीन काठ्या आणि थोडे पांढरे चेंडू बक्षीस दिले. तेव्हापासून पेन्शनीतल्या माणसानं समुद्राकाठी गोल्फ खेळावा, बाकीचं जिणं म्हणजे नुसती हजेरी, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

"पर सराव पायजे," तो म्हणाला. "समुद्रापुढं हसं नको."

नदीकडच्या पडीक रानात सराव सुरू झाला. त्या रानात खतासाठी धुळा धनगराची मेंढरं बसवलेली होती, त्यांनी गवत असं बारीक कातरलं होतं की कर्नलसाहेबानं सलाम ठोकला असता. हंबीररावानं रानाच्या मधोमध वाटीएवढा खड्डा काढला, भोवती झाडून घेतलं, आणि लांबून दिसावं म्हणून वेळूच्या काठीला मनुबाईच्या फाटक्या तांबड्या लुगड्याचा तुकडा बांधून निशाण रोवलं.

खड्डा सोडून चेंडू सगळीकडं गेले. काही विहिरीत, काही उसात. विहिरीतला दिसायचा पण हाती येत नव्हता. उसातला हाती आला असता, पण दिसत नव्हता. शेवटी एकच उरला. त्या एकाला हंबीररावानं एका संध्याकाळी डोळे मिटून टोला दिला, आणि तो गडगडत, ढेकळाला टेकत, एका मेंढीच्या पायांमधनं वाट काढत नेमका खड्ड्यात जाऊन बसला.

"ऱ्हाऊ दे तितंच!" तो घरी येऊन म्हणाला. "उद्या सगळ्या गावाला दावतो. न्हाईतर म्हणतील, हातानं ठेवला."

गावाला दाखवायची वेळच आली नाही. सकाळी गावच त्याला दाखवायला आलं.

रात्री धुळाची एक मेंढी अडली होती. ती तडफडत निशाणापाशी जाऊन पडली, आणि उजाडता उजाडता तिला दोन कोकरं झाली, दोन्ही धडधाकट. धुळानं मान वर केली तर पुढ्यात तांबडं निशाण, खाली झाडलेली जागा, आणि जागेत पांढराशुभ्र, गोल, अंगावर देवीच्या व्रणांसारख्या खळ्या असलेला दगड! त्यानं डोक्याचा पटका काढला, कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली आणि ती तिथंच पालथी केली. हंबीरराव पोचला तोवर चेंडू पिवळाधमक झाला होता, नारळ फुटला होता, आणि दोन बाया ओट्या घेऊन उभ्या होत्या.

"आरं खुळ्या, चेंडू हाय त्यो! चेंडू!"

"चेंडोबा," धुळानं भक्तिभावानं दोन्ही कानांना हात लावले. "नाव सांगितलंसा, लय उपकार झाले, सुभेदार. मी म्हनत हुतो, देव तर हाय, पर हाक काय मारायची?"

हंबीरराव घरी येऊन आईपुढं कडाडला. रंगुबाई म्हातारी होती, पण वादात तिला पलटणसुद्धा भारी पडली नसती.

"आये, तूच सांग त्यास्नी. त्यो चेंडू हाय. सायबानं दिलेला."

"मग? दगड कोन देतो? डोंगर देतो. शेंदूर लावला की देव व्हतो न्हवं?"

"आगं, मी त्याला काठीनं मारत हुतो!"

"म्हनूनच म्हनते, आता पाया पड. आन् ऐक. आपल्या रानात देव परगट झालाय. त्याला सोडून घर समुद्रावर उंडारायला गेलं, तर लोक तोंडात श्यान घालतील. कोकणात जायाचं न्हाई."

मनुबाई भांडी घासत होती. तिच्या हातातला पितळी तांब्या जागीच थांबला. कधी नव्हे इतका तिचा समुद्र आता जवळ आला होता, आणि तिच्याच लुगड्याच्या तुकड्यानं तो अडवला होता! वर जाऊबाई परसदारातनं म्हणाल्याच, "जाऊ दे मने. समुद्र समद्यांच्या नशिबात नसतो."

मनुबाईनं तांब्या जरा जास्तच घासला. मग पदराला नाक पुसून सासूपुढं जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, आपण कोन ठरवनार? देवाला इचारा की. कौल लावा."

म्हातारीनं लगेच गुरवाला सांगावा धाडला. गावात विहीर खणायची तरी कौल, पोरगी द्यायची तरी कौल. देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या तांदळाचे दाणे चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. देवाचा उजवा दाणा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव रानात जमला. ज्ञानू गुरवानं ओलेत्यानं दाणे लावले. रंगुबाईनं हात जोडले. "देवा चेंडोबा, माझ्या लेकाच्या घरानं तुला सोडून कोकणात जावं का? बोल!"

देव बोलेना. एरवी दगडावरचा दाणा बघता बघता घसरायचा, पण चेंडूच्या अंगावर त्या खळ्या. दाणे खळ्यांत असे बसले की जणू तिथंच पेरलेत. सूर्य वर आला. उभे होते ते बसले, बसले होते ते कलंडले. ज्ञानूनं घसा खाकरला, घंटी हलवली, एकदा हळूच पायानं जमीनही आपटली.

"देव रुसलाय," कुणीतरी म्हणालं.

"रुसंल न्हाई तर काय! काठीनं मारलाय त्याला!" बनुबाई म्हणाली, आणि सगळा गाव हंबीररावाकडं बघायला लागला. तो बिचारा लढाईत मशीनगनपुढं उभा राहिला होता, पण आता धुळाच्या मागं सरकला.

"मी इचारू का?" मनुबाई पुढं झाली. सकाळपासून तिचं नाक हुळहुळत होतं, ते तिनं मोठ्या निग्रहानं आवरून धरलं होतं. ती खड्ड्यापुढं वाकली. देवाची उजवी म्हणजे आपली डावी, हे तिनं मनाशी नीट ताडून घेतलं.

"देवा चेंडोबा," तिनं विचारलं, "परगट झाल्यापासनं तुझी आंघोळ न्हाई. तुला समुद्राच्या आंघोळीला न्याचं का?"

आणि मान किंचित डावीकडं करून तिनं नाकाला मोकळीक दिली.

ती शिंक कराडच्या पुलावर ऐकू गेली, असं पुढं लोक सांगायचे. निशाण हललं, भंडारा उडाला, मेंढरं उधळली. धुरळा बसल्यावर बघतात तर उजवा दाणा मातीत आणि डावा जागच्या जागी!

"शिंकून पाडला की तिनं!" बनुबाई ओरडली.

सगळ्यांनी ज्ञानूकडं बघितलं. ज्ञानूचं अंग ओलेत्यानं काकडलं होतं आणि घरी कालवण निवत होतं. "शिंकली मनुबाई," तो म्हणाला, "पर शिंक तिच्या नाकात घातली कुनी? बोला, चेंडोबाच्या नावानं..."

"चांगभलं!"

मग काय विचारता! घरातली चार माणसं गुपचूप जायची होती, तिथं अर्धा गाव निघाला. हंबीररावाच्या तिन्ही काठ्यांना हळद लागली, रेशमी गोंडे लागले आणि देवाच्या मानाच्या काठ्या म्हणून त्या पुढं नाचायला लागल्या. कराडात कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारीत पहिली जागा चेंडोबाला, दुसरी रंगुबाईला. कुंभार्ली घाटाच्या अलीकडच्या चढाला सगळ्यांनी उतरून मोटार ढकलली, उताराला सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं. घाट उतरला तशी हवा ऊबदार झाली. मनुबाईनं शाल काढून मांडीवर ठेवली. तिचं नाक पहिल्यांदाच गप्प होतं.

हंबीरराव मात्र खिडकीला डोकं टेकून बसला होता. "काठ्या हायत, समुद्र हाय," तो हळूच म्हणाला, "पर चेंडू कुटाय? देवाला काठीनं मारू व्हय?"

 मनुबाईनं त्याच्या हातावर नुसता हात ठेवला.

गुहागरला सयाजीच्या बागेतनं सगळे वाळूवर आले, आणि जागीच थबकले. समोर नुसतं पाणी. त्याला पलीकडचा काठच नव्हता. मनुबाईच्या डोळ्यांपुढं ते मावेना. तेवढ्यात तिचा दंड कुणीतरी घट्ट धरला. बनुबाई होती. तिचा चेहरा उतरला होता.

"एवढा?" ती पुटपुटली. "एवढा असतो?"

मनुबाईनं वळून बघितलं. बनुबाई खाली मान घालून म्हणाली, "आमी चिपळूणच्या खाडीवरनंच माघारी आल्तो गं. आमचं धनी म्हनले, ह्योच समुद्र."

इतकी वर्षं घासून धारदार केलेली एक वाक्याची सुरी मनुबाईच्या ओठांवर आली होती. पण जाऊबाईनं तिचा दंड अजून सोडला नव्हता. "चला," मनुबाई म्हणाली, "पयल्यांदा दोघी मिळून पाय भिजवू." आणि समुद्रापुढं इतक्या वर्षांचे ते टोमणे काहीच नव्हते.

खरी अडचण आंघोळीच्या वेळी आली. ज्ञानूनं सांगितलं की देवाला खोल पाण्यात बुडी पाहिजे, गुडघ्याएवढ्या पाण्यात भागणार नाही. तो चेंडोबाला घेऊन आत शिरला, आणि पहिल्याच लाटेनं त्याला देवासकट उचलून वाळूवर आणून ठेवलं. दुसऱ्यांदाही तेच. विहिरीत सूर मारणारे गडी पुढं येईनात. विहीर कधी अंगावर येत नाही, हा समुद्र येत होता.

"आता गं?" रंगुबाई म्हणाली. "देव तसाच न्याचा?"

"आत्याबाई, खोल पाण्यात पोचवायचाच हाय, तर ह्यास्नी सांगा," मनुबाई म्हणाली. "ह्यास्नी पोचवता येतो."

हंबीररावानं चमकून बायकोकडं बघितलं. म्हातारीनं क्षणभर विचार केला, मग मानाच्या काठ्यांतली सगळ्यांत लांब काठी स्वतःच्या हातानं लेकाला दिली.

"घाल रं! पर पाया पडून घाल!"

सयाजीनं ओल्या वाळूचा उंचवटा केला, ज्ञानूनं त्यावर चेंडोबा ठेवून पुन्हा भंडारा उधळला. हंबीरराव पाया पडला, पाय फाकवून उभा राहिला, काठी खांद्यामागं नेली. आयुष्यात त्याचा चेंडू कधी सरळ गेला नव्हता. त्या दिवशी गेला. हळदीचा धूर सोडत, लाटांच्या वरनं, होड्यांच्या वरनं, सोन्याच्या मण्यासारखा तो गेला आणि जिथं पाणी काळंनिळं होतं तिथं टुपकन बुडाला.

"चांगभलं!" असा गजर उठला की कोळ्यांनी जाळी सोडून टोप्या उडवल्या. रंगुबाई ज्याला त्याला सांगत सुटली, "माझ्या लेकानं देव पोचवला! एका टोल्यात!" कर्नलसाहेबाला उभ्या जन्मात अशी शाबासकी मिळाली नसेल.

रात्री पडवीत हंबीरराव म्हणाला, "झाक झाला गं टोला. पर संपला आपला गोल्फ." आणि समाधानानं घोरायला लागला.

सकाळी ऊन तापल्यावर मनुबाई एकटीच वाळूवर गेली. ओहोटी होती. उबदार वाळूत गुडघे पुरून ती बसली होती, आणि शेवटची लाट मागं सरताना तिच्या पायाशी काहीतरी पांढरं गडगडत आलं. हळद धुऊन निघाली होती. आंघोळ अगदी लखलखीत झाली होती. मनुबाईनं इकडं तिकडं बघितलं, पदराच्या टोकाला एक गाठ मारली आणि पाय शेकत राहिली.

वर्ष गेलं. पुन्हा कोयनेवर गारठा उतरला, पुन्हा गुडघे कुरकुरले. एका सकाळी धुळा पटका सावरत धापा टाकत दारात आला.

"सुभेदार! चला, चला! देव माघारी आला! आपल्याच खड्ड्यात बसलाय!"

हंबीरराव धावत रानात गेला. निशाणाखाली चेंडू बसला होता. त्यानं उचलून डोळ्यांपाशी नेला. एका खळीत समुद्राची बारीक वाळू चमकत होती.  मग गालातल्या गालात हसत चेंडू जागेवर ठेवून, पाया पडून घरी आला.

"आगं ऐकलंस का?" त्यानं दारातनंच विचारलं. "देव आंघोळीला न्या म्हनतोय वाटतं."

"व्हय?" मनुबाई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. वाटेत लागणाऱ्या दशम्यांची दुसरी परात तिनं मळायला घेतली होती.