झुरिक स्वारी आणि येण्याचे कलम

श्री. मौजे कोथरूड, जे पेठ नव्हे परंतु मानाने कोणत्याही पेठेस हार न जाणारे, तेथील सोसायटीचे इमारतीत तिसरे मजल्यावर जो तीन खोल्यांचा किल्ला आहे, त्याच्या अधिपती मातोश्री राधाबाईसाहेब यांचे अमलात झुरिक मुलुखावरील स्वारीचा खर्च कैसा नेमिला, शत्रू कोठे दडला होता आणि अखेर तह कोणत्या कलमावर जाहला, ही हकीकत पुढील पिढ्यांस दाखल असावी, आणि लोकांनी जिन्यात उभे राहून भलतेच सांगू नये, याकरिता येथे लिहिली आहे. वाचणाराने चष्मा लावून वाचावी.

मातोश्रींचे वय वर्षे शहात्तर. चौतीस वर्षे त्यांनी मुलींचे शाळेत गणिताची हुकूमत चालविली. त्यांचेपुढे पाढे चुकलेल्या मुली आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत, आणि मातोश्री समोरून येताना दिसल्यास अद्याप रस्ता ओलांडून पलीकडे जातात. यजमान गोपाळकृष्णराव सहकारी बँकेत हिशेबतपासनीस होते. बोलणे थोडे, अक्षर छापल्यासारखे. पुत्र रणजित संगणकाचे चाकरीत, सून निकिता औषधांचे कंपनीत, आणि नात संस्कृती, उमर वर्षे नऊ, इयत्ता चौथी. ऐसे सुखाने नांदत असता चैत्रमासी रणजितास कंपनीचा खलिता आला की, तीन वर्षांकरिता सहकुटुंब झुरिकास रुजू व्हावे. आणि निकिताबाईंनी आपले चाकरीत बिनपगारी रजा मागितली, ती मिळाली, आणि किल्ल्यात स्वारीची धांदल उडाली.

मग मातोश्रींनी दिवाणावर बैठक घातली आणि हुकूम फर्माविला की, मुलूख अनोळखी, पगार एकाचा आणि तोंडे तीन, तरी आधी खर्चाची यादी, मग मोहीम. मातोश्रींचे बहिणीचा पुत्र पियुष सात वर्षांपासून त्याच शहरी राहतो, त्यास जासूद नेमिला. त्याचेकडून जे वर्तमान आले ते भयंकर होते. घरभाडे निम्मा पगार गिळते. आजारी पडो न पडो, विम्याचा हप्ता माणशी दरमहा द्यावा लागतो. आणि केर टाकावयाची पिशवीसुद्धा सरकारी घ्यावी लागते, ती एकेक सुमारे दोनशे रुपयांस पडते. 

"मग केर जपून करावा लागेल," गोपाळकृष्णराव म्हणाले, आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

त्यातच न्हाव्याकडे एकदा डोके दिले असता सहा हजार रुपये जातात ऐसे कळले, तेव्हा मातोश्रींनी जागच्या जागी आज्ञा केली की, निकिताने चौकातील हेमाबाईंचे पार्लरात जाऊन केशकर्तन शिकावे आणि सराव घरच्या माणसावर करावा. घरचा माणूस म्हणजे रणजित. तो बाल्कनीत पाटावर बसला, गळ्याभोवती जुने धोतर बांधले, आणि प्रहरभर कात्री चालली. अखेर उजवी बाजू झुरिकास शोभेशी आणि डावी येरवड्याचे तुरुंगात शोभेशी निघाली, आणि रणजितास आठ दिवस घरूनच चाकरी करावी लागली. मातोश्रींनी डोक्याभोवती एक फेरी घालून शेरा दिला की, वाढेल.

याप्रमाणे एकेक कलम लढवीत वैशाख उजाडला. रणजिताने संगणकावर एक्केचाळीस कलमांची यादी सिद्ध केली आणि बेरीज यजमानांवर सोपवून छापून आणिली. परंतु संगणकाचे आकडे पुसता येतात, यजमानांचे येत नाहीत, ऐसा मातोश्रींचा सिद्धांत; सबब त्यांनी छापील कागद हाती घेऊन आकडे मोठ्याने वाचावे आणि गोपाळकृष्णरावांनी ते लांब वहीत शाईने उतरावे, ऐसे ठरले. भाडे, विमा, वीज, वाणसामान, शाळेचे डबे, थंडीचे बूट, केराच्या पिशव्या, सर्व उतरून जाहले, आणि खाली बेरीज मारिली तो जमा आणि खर्च समसमान, शिल्लक पूज्य. मातोश्रींनी वही आपल्याकडे ओढिली आणि पहिल्या कलमापासून एक्केचाळिसाव्यापर्यंत बोट फिरविले, आणि पुन्हा फिरविले.

"यात येण्याचे कलम कुठे आहे?"

"कसलं येण्याचं?" रणजित म्हणाला.

"वर्षातून एकदा घरी येण्याचे."

"आई, तिघांची तिकिटं म्हणजे वर्षाला छत्तीसशे फ्रँक. शिल्लक शून्य आहे, तूच वाचलीस. तीन वर्षांनी येतोच आहोत की. आणि रोज व्हिडिओ कॉल आहेच."

"कॉलवर पुरणपोळी वाढता येते का, ते तेवढे विचारून ठेव."

रणजित हसला, आणि ती त्याची चूक जाहली, कारण मातोश्री हसल्या नव्हत्या. तीन वर्षे हा आकडा त्याचे कागदावर नखाएवढा होता. मातोश्रींनी तो मनातल्या मनात आपल्या शहात्तरांत मिळवून पाहिला, मग संस्कृतीच्या नऊंत मिळवून पाहिला, आणि दोन्ही बेरजा कोणास सांगितल्या नाहीत. वही मिटली, आणि स्वयंपाकघरात जाऊन भाजीस दोनदा मीठ घातले, जे त्यांचे हातून लग्नाचे पहिल्या वर्षानंतर घडले नव्हते.

दुसरे दिवशी सकाळी फर्मान निघाले, ते येणेप्रमाणे. या घराण्यात घराबाहेर पडताना 'जातो' म्हणावयाची मनाई आहे. ती मातोश्रींच्या सासूबाईंपासून चालत आली आहे आणि आजवर कोणी मोडिली नाही. निघणाराने उंबऱ्यावर 'येतो' म्हणावे आणि राहणाराने 'ये' म्हणावे, म्हणजे निघणे पुरे होते. आता ज्याचे यादीत येण्याची तरतूदच नाही, त्याने उंबऱ्यावर उभे राहून 'येतो' म्हणणे हे धडधडीत असत्य होय, आणि असत्य या उंबऱ्यावर चालणार नाही. 'जातो' म्हणता येणार नाही, 'येतो' म्हणू दिले जाणार नाही. तस्मात निघता कैसे येईल, याचा ज्याचा त्याने विचार करावा.

हुकूम झुरिकापुरताच होता, परंतु त्याची दहशत सर्व किल्ल्यावर बसली. रणजित दूध आणावयास निघाला तो दारात अडखळला आणि काहीच न बोलता जिना उतरला, आणि पैसे घरीच विसरला. संस्कृती शाळेस निघाली असता उंबऱ्यावर उभी राहून काय म्हणावे या विवंचनेत पडली, आणि खाली शाळेची गाडी भोंगा वाजवून निघून गेली.

"आजी, मी शाळेतून तर येणार आहे ना? मग 'येते' म्हणू का?"

"तू म्हण. तुझे कलम रोजचे आहे," मातोश्री म्हणाल्या, आणि तिला रिक्षाने स्वतः शाळेत पोहोचविले, आणि रिक्षावाल्यास सुटे पैसे नसण्याबद्दल चौकापर्यंत ऐकवीत राहिल्या.

कूच करण्यास चार दिवस उरले, तेव्हा रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा पुढे ठेवून अखेरची मसलत बसली. रणजिताने थंडीचे बूट कमी करोन पाहिले, निकिताबाईंनी बैठकीच्या सामानास कात्री लाविली, परंतु सर्व मिळून एका माणसाचे एकवेळचे तिकीटसुद्धा निघेना.

"एकही कलम हलत नाही, आई. खरंच सांगतो. मला काय यायचं नाहीये का?"

असे म्हणताना त्याचा आवाज किंचित बसला. मातोश्रींनी तो ऐकिला, आणि त्यांस प्रथमच संशय आला की, ज्याचेवर आपण तोफा रोखिल्या आहेत तो शत्रू नव्हे. त्या समयी गोपाळकृष्णराव, जे आजवर या युद्धात तटस्थ होते, त्यांनी चष्मा काढिला, सदऱ्याने पुसला आणि पुन्हा लाविला.

"वाणसामानाचं कलम तेवढं पुन्हा वाचून दाखव," ते पत्नीस म्हणाले.

इतकेच. परंतु हिशेबतपासनिसाने पन्नास वर्षांत एवढी मोठी चढाई केलेली नव्हती. मातोश्रींनी त्यांजकडे पाहिले, आणि त्यांनी पोह्यांकडे पाहिले. छापील कागद मातोश्रींचेच पदराखाली होता. तो तसाच ठेविला असता तर इज्जत शाबूत राहती, आणि येण्याचे कलम बुडते. काढिला तर ज्या बाईने चौतीस वर्षे चुकीची बेरीज कोणास क्षमा केली नाही, तिची स्वतःची बेरीज सुनेपुढे उघडी पडणार. मग मातोश्रींनी कागद काढून बशांच्या मधोमध ठेविला.

"छापील आकडा बाराशे आहे. मी पंधराशे वाचले." आणि थोड्या वेळाने, "अडीनडीला असावेत म्हणून. परमुलूख आहे. पोर जेवलं नाही तर मी इथून काय करणार होते?"

कोणी हसले नाही. निकिताबाईंनी पदराचे ठिकाणी ओढणी सारखी केली.

"आई, ते बाराशेसुद्धा माझे आहेत. याचे अकराशे होते. याला बाजार कळत नाही, म्हणून मी गुपचूप वाढवले. अडीनडीला."

"अकराशे मी केले," रणजित म्हणाला. "पियुषने हजार कळवले होते. तुझा हात सैल आहे, म्हणून."

मग पियुषास तत्काळ फोन लाविला. तो तिकडे नुकताच उठून दात घाशीत होता. त्याने पुष्कळ आढेवेढे घेतले आणि अखेर कबुली दिली.

"मावशी, आम्हाला नऊशेत भागतं. पण उद्या दादा उपाशी राहिला तर तुम्ही आयुष्यभर माझं नाव घेतलं असतं. म्हणून शंभर वर सांगितले."

याप्रमाणे एका वाणसामानाच्या बुरुजात चौघांनी चार चोरवाटा खणल्या होत्या, आणि प्रत्येकाने त्या मायेपोटीच खणल्या होत्या, आणि त्याच वाटांनी येण्याची तिकिटे निसटत होती. मातोश्रींनी पेन्सिल घेतली. पंधराशांतून नऊशे वजा जाता दरमहा सहाशे वाढीव, बारा महिन्यांचे बहात्तरशे. त्यांतून छत्तीसशे तिकिटांचे नेमिले. मग पेन्सिल क्षणभर थबकली, आणि मातोश्रींनी आज्ञा केली की, सर्व कलमांची वाढ काढावी, फक्त तिकिटांचे कलम सव्वापट करावे, म्हणजे पंचेचाळीसशे. आणि उरले सत्तावीसशे, ते केराच्या पिशव्यांकडे वर्ग करावे.

"आता केर मनसोक्त करा," गोपाळकृष्णराव म्हणाले.

तह लिहिला गेला. नवे कलम यादीच्या शेवटी नव्हे, भाड्याच्याही वर, पहिले घातले, आणि यजमानांनी ते शाईने लिहिले: येणे, दरसाल एकवार.

वैशाख वद्य पंचमीस सकाळी खाली गाडी येऊन उभी राहिली आणि सहा बॅगा जिन्याने खाली गेल्या. मातोश्री वही हाती घेऊन उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. तिघांचे तळहातावर दही घातले. रणजिताने पायांस हात लाविला आणि वहीकडे पाहून म्हणाला, "येतो, आई." निकिताबाई म्हणाल्या, "येते." संस्कृती म्हणाली, "आजी, येते हं, पहिल्या कलमाप्रमाणे." मातोश्रींनी वही उघडून पहिले कलम एकवार पडताळून पाहिले, आणि मग म्हणाल्या, "या."

येणेप्रमाणे झुरिक स्वारीचा खर्च नेमून, आप्तांचेच मायेवर चाल करोन, मातोश्री राधाबाईसाहेब यांनी येण्याचे कलम जिंकून घेतले. किल्ला शाबूत, वही कपाटात, यजमान साक्षीस आहेत. ज्यास शंका असेल त्याने दुपारी चारनंतर यावे, चहा मिळेल, उत्तरही मिळेल. गाडी वळणाआड गेल्यावर मातोश्री स्वयंपाकघरात आल्या, तांदळाचा डबा उघडिला, दोन माणसांचे तांदूळ वाटीने नीट मोजून घेतले, आणि मग त्यावर अर्धी वाटी आणखी टाकिली. अडीनडीला.